कारखान्यातले हात आणि ऑटो आयएसओ : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

२ जून, रविवार

सुरुवात झाली एकदाची. मित्राच्या काकांचा पेणजवळ हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे, त्यांना पुढच्या वर्षीचं कॅलेंडर छापायचंय, बारा फोटो हवेत, आणि मित्राने मला न विचारताच सांगून टाकलं की आपल्याकडे फोटोग्राफर आहे. फोटोग्राफर म्हणजे मी, ज्याने आजवर दोन बारशी आणि एक साखरपुडा काढलाय, तेही फ्लॅश मारून. इथे फ्लॅश मारायचा नाही हे मात्र मी घरूनच ठरवून निघालो होतो, कारण ओल्या रंगावर फ्लॅश पडला की पांढरा डाग येतो आणि कारागीर दचकतात ते वेगळंच.

कॅमेरा निकॉन डी ७२००, सेकंडहँड. लेन्स दोन, १८-१४० चा झूम आणि ३५ एमएम एफ १.८. आज झूमच लावला, कारण पहिल्याच दिवशी कुणाच्या नाकासमोर जाऊन उभं राहायला बरं वाटेना.

कारखाना म्हणजे लांबट पत्र्याची शेड, चार ट्यूबलाइट, एक मोठा दरवाजा आणि फळ्यांवर खालपासून वरपर्यंत गणपती. आत डोळे सरावायलाच दोन मिनिटं लागली. सेटिंग अशी ठेवली : ए मोड, म्हणजे अपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) मी देणार आणि शटर (ते किती वेळ उघडं राहणार) कॅमेरा ठरवणार, ऑटो आयएसओ चालू, म्हणजे फोटो किती उजळवायचा तो आकडाही कॅमेराच वरखाली करणार, जास्तीत जास्त आयएसओ १६००, किमान शटर १/१०० सेकंद. १६०० का, तर कधीतरी कुणीतरी सांगितलेलं डोक्यात बसलंय की त्याच्या वर गेलं की फोटो खराब होतात. दिवसभर व्ह्यूफाइंडरमध्ये आयएसओ-ऑटो हे अक्षर लुकलुकत होतं, मला वाटलं कॅमेरा काहीतरी बिघडल्याचं सांगतोय, म्हणून दर वेळी बंद करून चालू करत बसलो.

२१० फोटो. येताना पेणला वळून आईसाठी पापड आणि मिरगुंडं घेतली, ती तरी नक्की चांगली निघतील.

३ जून, रात्र

फोटो कॉम्प्युटरवर टाकले आणि तोंडच उतरलं. गणपती एकदम धारदार, सोंडेवरची रेघन्‌रेघ दिसतेय, आणि पॉलिश पेपर घासणाऱ्या बाईंचे हात म्हणजे नुसता धूर. एकेका फोटोची माहिती उघडून बघितली तर आयएसओ १६००, एफ ५.६, शटर १/१३. अरे, मी तर किमान १/१०० सांगितलेलं!

मॅन्युअल काढून वाचलं (आधी वाचायला काय झालं होतं, असं आई म्हणाली असती). किमान शटर म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला शब्द नाही, ती फक्त एक पायरी आहे. उजेड कमी झाला की कॅमेरा आधी शटर त्या पायरीपर्यंत खाली आणतो, मग तिथे थांबून आयएसओ वाढवत जातो, आणि आयएसओची मर्यादा संपली की पुन्हा शटरकडे वळतो आणि पायरीच्या खाली उतरतो. त्याला फोटो काळा पडू द्यायचा नसतो, बस. मी वरचं छत १६०० ला ठोकून ठेवलं, त्या अंधारात १/१०० ला आयएसओ १२८०० लागत होता, म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी पडले, आणि ते तीन स्टॉप त्याने शटरमधून काढले. १/१०० चं १/५०, १/२५, १/१३. हिशेब बरोबर जुळतो.

मग गणपती का नाही हलले? लेन्समध्ये व्हीआर आहे, माझा हात थरथरला तर ते सांभाळून घेतं. पण बाईंचा हात हलतोय त्याला व्हीआर काय करणार.

आणि ते लुकलुकणं म्हणजे बिघाड वगैरे काही नाही, मी हाताने लावलेल्या आयएसओपेक्षा सध्या वेगळा आयएसओ चालू आहे एवढंच तो सांगतो. दिवसभर बिचारा नीटच काम करत होता.

९ जून, रविवार

छत वाढवून १२८०० केलं, ३५ एमएम लावली, आज फक्त शटर बघायचं ठरवलं. एफ २.८, किमान शटर बदलत बदलत त्याच बाईंचे तेच घासकाम काढलं. त्या म्हणाल्या "अजून किती, माझे हात काय हिरॉइनचे हायत का", पण हसत होत्या.

१/६० ला पुसट. १/१०० ला अर्धेअधिक पुसट. १/२५० ला बोटांवर बसलेली पांढरी पावडरसुद्धा कणकण दिसते. पण रंगाचा ब्रश फिरवणाऱ्या मुलाला १/१०० पुरतं, तो हळू चालतो. म्हणजे किमान शटरचा आकडा लेन्सवरून नाही तर समोरचा माणूस काय करतोय त्यावरून ठरतो. मेनूत किमान शटरलाच ऑटो असाही पर्याय आहे, त्यात कॅमेरा लेन्स किती एमएमची आहे ते बघून शटर ठरवतो आणि ते थोडं हळू-फास्ट करायला एक पट्टीही दिलीय. बाहेर फिरताना झूम लावला असेल तर ते भारी आहे. पण त्याला माझ्या हाताच्या थरथरीचा अंदाज असतो, घासणाऱ्या हाताचा वेग त्याला कुठून कळणार.

झूमचं अजून एक. १८ ला एफ ३.५ मिळतो आणि १४० पर्यंत गेलं की ५.६, त्यामुळे जागचं न हलता नुसता झूम केला तरी आयएसओ वर चढतो. आधी मला वाटायचं तिकडचा कोपरा जास्त अंधारा आहे.

१५ जून, शनिवार, घरीच

बाहेर धो धो. घरी प्रयोग केला कारण १२८०० हा आकडा बघून पोटात गोळा येतो तो घालवायचा होता.

ट्रायपॉड, ३५ एमएम, एफ २.८, जेवणाच्या टेबलावर स्टीलचा डबा, काळी टोपी आणि तांदळाची वाटी, वर एकच दिवा. तीन फोटो, सगळे रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाईली.

पहिला : १/१००, आयएसओ ६४००.
दुसरा : १/१००, आयएसओ ८००, आणि मग कॉम्प्युटरवर तीन स्टॉप उजळवला.
तिसरा : १/१३, आयएसओ ८००.

मला खात्री होती दुसरा पहिल्यापेक्षा स्वच्छ निघणार, ८०० आहे ना! कसलं काय. दोन्ही शेजारी ठेवले, मोठे करून बघितले, टोपीच्या काळ्या भागात तोच कचकचीत दाणा, रेती सांडल्यासारखे ठिपके, फरक शोधावा लागला. तिसरा मात्र लोण्यासारखा. आणि दुसरा-तिसरा दोन्ही आयएसओ ८०० चेच!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दाणा आयएसओमुळे येत नाही, उजेड कमी मिळाल्यामुळे येतो. सेन्सरवर किती उजेड पडणार ते शटर आणि अपर्चर ठरवतात, आयएसओ नंतर आलेल्याला मोठं करून दाखवतो, रेडिओचा आवाज वाढवावा तसं, स्टेशनच नीट लागलं नसेल तर खरखरही मोठी होणार. खिडकीबाहेर बघत होतो आणि पावसावरून नीट समजलं. अंगणात शेजारी शेजारी दोन सारखी भांडी ठेवली आणि दोन्हीत साधारण दहा दहा हजार थेंब पडले तर त्यांच्यातला फरक शंभरएक थेंबांचा येणार, म्हणजे शेकडा एक, कुणाला कळतंय. पण चटकन झाकण घातलं आणि शंभर शंभरच थेंब पडले तर फरक दहाएकाचा, म्हणजे शेकडा दहा. सेन्सरचे ठिपके म्हणजे ही भांडी. उजेड चौथ्या हिश्श्यावर आला की दाणा दुप्पट दिसतो.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या फोटोत चांगली होती. डब्यावर दिव्याचं जे चकाकणं होतं ते पहिल्यात, ६४०० वर, पार पांढरं फटक झालं, दुसऱ्यात त्यात दिव्याचा आकार शाबूत. म्हणजे आयएसओ उगाच वर ठेवायचा नाही हे खरंच, पण कारण वेगळं, उजळ भाग जळतात म्हणून.

बाबांना दाखवलं तर ते त्यांच्या रोलवर गेले. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या चकतीवर एएसए लिहिलेलं आहे. अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन हे दोन आकडे सत्तरच्या दशकात एकत्र आणले ते आयएसओ. बाबा म्हणाले, आम्ही १०० चा रोल घातला की छत्तीस फोटो संपेपर्यंत १०० च, मध्येच लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो तर देवाचं नाव घ्यायचं. दर फोटोला आयएसओ बदलतो ही किती मोठी चैन आहे हे आपल्याला कळतच नाही. मोबाईलमध्ये तर बहुतेक लोक जन्मभर ऑटो आयएसओवरच फोटो काढतात आणि त्यांना हा शब्दही माहीत नसतो, आणि काही अडत नाही त्यांचं.

२३ जून, रविवार

गाढवपणा. दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून काकांनी कच्च्या मूर्ती अंगणात काढल्या, मी खूष, मस्त ढगाळ मऊ उजेड, सत्तर-ऐंशी फोटो मारले. घरी येऊन बघतो तर एकूण एक आयएसओ १६००, शटर १/३२००. बाहेर! उजेडात!

कारण परवा वटपौर्णिमेला संध्याकाळी घरात काकूचे फोटो काढताना ऑटो बंद करून हाताने १६०० लावलेला. आज सकाळी ऑटो चालू केलं पण हाताचा आकडा तसाच राहिला. माझ्या कॅमेऱ्यात हाताने लावलेला आयएसओ हाच ऑटोचा तळ असतो, तो त्याच्या खाली यायला बघत नाही, उजेड जास्त झाला तर शटर फास्ट करत सुटतो. वरचं छत मेनूत एका ओळीत दिसतं पण तळ असा कुठे तळ म्हणून लिहिलेला नाही, तो म्हणजे नेहमीचं आयएसओचं बटण.

फोटो वाया गेले असं नाही, पण १०० वर जे मिळालं असतं ते नाही मिळालं, मातीच्या रंगातल्या बारीक छटा जरा कोरड्या वाटतात. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने लिहून लावलंय : "आधी १००, मग ऑटो". आईने विचारलं हे काय औषध आहे का.

७ जुलै, रविवार

आज पांढऱ्यांचा दिवस. पीओपीच्या कच्च्या मूर्ती रांगेने लावल्यात, मागे पांढरी, पुढे पांढरी, मध्ये पांढरी टोपी घातलेले काका. फ्रेममध्ये सगळं पांढरं आलं की मीटरला (कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा) वाटतं केवढा उजेड आहे, आणि तो आयएसओ खाली ओढतो. ३२०० च्या जागी १६०० दिला आणि गणपती राखेत लोळल्यासारखे करडे आले. मीटर बिचारा समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो, त्याला पीओपी आणि माती काय माहीत.

उपाय सोपा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१, म्हणजे मीटर म्हणतो त्याहून एक स्टॉप उजळ. ऑटो आयएसओ चालू असताना आणि शटर पायरीवर टेकलेलं असताना हे +१ थेट आयएसओत जातं, १६०० चा ३२००, बाकी काही हलत नाही. पांढरे परत पांढरे.

गंमत म्हणजे आतल्या बाजूला शाडूच्या मूर्ती करतात तिथे काहीच करावं लागलं नाही. ओली शाडू स्वतःच करडी, मीटरला जे हवं तेच. त्या भागात कॅमेरा एकदम हुशार झाल्यासारखा वाटतो. आणि दरवाजाकडे तोंड करून काढलं की उलटं, बाहेरचा उजेड बघून आयएसओ पडतो आणि समोरचा माणूस काळा. तिथे +१ नेही भागेना, मग दरवाजाच फ्रेमबाहेर ठेवला.

काकांचा प्रश्न : "हे सगळं मशीनच करतं तर तू काय करतोस?" उत्तर सुचलं नाही, चहा प्यायलो.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. कारखान्यात सकाळी काकांनी त्यांच्या वडिलांच्या फोटोला हार घातला, त्यांनीच हा धंदा सुरू केलेला. तो फोटोही काढला.

आज घासकामाचे १/२५० चे फोटो काढायला बसलो, एफ २, आयएसओ ४००० च्या आसपास, सलग सहा सहा फ्रेम. आणि एकाच झटक्यात काढलेल्या सहापैकी दोन पिवळट, एक अंधारी, बाकी बऱ्या. पहिला संशय ऑटो आयएसओवर, हा मध्येच उड्या मारतोय म्हणून. पण माहिती बघितली तर सहाही फ्रेमना आयएसओ जवळपास तोच, शटर तेच, अपर्चर तेच. आकडे तेच आणि उजेड वेगळा, म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या आतला नाही, बाहेरचा.

ट्यूब! आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, डोळ्याला कळत नाही पण १/२५० च्या शटरला कळतं, ते कधी उजळ्या क्षणी उघडतं कधी मंद क्षणी. मंद क्षणी रंगही पिवळट होतो. १/१०० ठेवलं की एक आख्खा फेरा आत येतो, १/५० ला दोन फेरे, मग फ्रेम सारख्या. मीटर तर आधीचा सरासरी उजेड मोजून मोकळा झालेला असतो.

म्हणजे पेच असा की हातांना १/२५० हवं आणि ट्यूबला १/१००. तासभर डोकं खाजवलं. मग नुसतं बघत बसलो, त्या घासतात कशा. पेपर पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो, मागे येतो, आणि वळताना हात अगदी क्षणभर थांबतो. त्या क्षणी दाबलं तर १/१०० लाही बोटं स्वच्छ येतात. पाचातला एखादा चुकतो पण चालतं, आणि चुकलेल्यातही नखं तेवढी पुसट असतात. बाकी १/२५० ची हौस दरवाजाजवळ बसणाऱ्यांवर भागवायची, दिवसाचा उजेड लुकलुकत नाही.

किमान शटर इथून पुढे आत १/१००, दरवाजाशी १/२५०.

४ ऑगस्ट, रविवार

उद्यापासून श्रावण, म्हणजे आज गटारी. अकरालाच निम्मे कारागीर गायब, जे होते त्यांचं लक्ष घड्याळाकडे. गनवाला मात्र होता, पितांबरांना रंग मारत. कॉम्प्रेसरचा आवाज इतका की शटरचा आवाज मला स्वतःला येत नव्हता.

रंगाचा फवारा फोटोत कसा दिसतो हे पूर्ण शटरवर आहे. १/५०० ला वेगळे वेगळे कण, जणू रवा उडवला. १/६० ला मऊ धुकं. मला धुकं हवं होतं. ए मोडमध्ये दरवाजाशी उजेड जास्त म्हणून कॅमेरा शटर आपोआप फास्ट करत होता, किमान शटर फक्त खालचा टोक सांभाळतं, वर कितीही जाऊ देतं. म्हणून पहिल्यांदा एम मोड आणि त्यात ऑटो आयएसओ. १/६०, एफ ४, दोन्ही माझे, मी सोडून कुणी हलवणार नाही, आणि आयएसओ तरंगता. ढग आला आयएसओ चढला, ढग गेला उतरला, धुकं मात्र तसंच.

लोक म्हणतात एम मोडमध्ये ऑटो म्हणजे फसवणूक. मला तर पहिल्यांदाच वाटलं की फोटो मी काढतोय, कारण फोटोत जे दोन आकडे डोळ्याला दिसतात, हालचाल किती पुसायची आणि मागचं किती पुसट करायचं, ते माझ्या हातात आहेत. कॉम्पेन्सेशनही चालतं, ते बटण दाबून चकती फिरवली की आयएसओचं लक्ष्य वरखाली होतं. धोका एवढाच की दोन्ही टोकांना कॅमेऱ्याकडे पळवाट नसते. उजेड फार झाला तर आयएसओ १०० ला टेकून फोटो जळतो, फार कमी झाला तर छताला टेकून काळा पडतो. ए मोड निदान शटर सोडून वाचवतो.

अंतर तीन फूट ठेवलं तरी फिल्टरवर सोनेरी ठिपके बसले. बरं झालं फिल्टर लावला होता, लेन्सवर बसले असते तर गटारी घरीच साजरी झाली असती, रडत.

११ ऑगस्ट, रविवार

आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ज्यासाठी सगळा आटापिटा तो दिवस.

आखणीवाले दादा हंगामात दोन-तीन कारखाने सांभाळतात, सकाळी नऊला आले, पाटावर बसले, क्लिपचा एलईडी दिवा मूर्तीच्या तोंडाशी लावला आणि बोलणं बंद. डोळ्यांचं पांढरं आधीच भरलेलं होतं. बारीक ब्रश, ओठांनी टोक जुळवायचं, श्वास रोखायचा, वरच्या पापणीची रेघ एका दमात. मग बुबुळ. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका, आणि तो पडला की मातीचा गोळा तुमच्याकडे बघायला लागतो. अंगावर काटा येतो, दर वेळी, चाळिसाव्या मूर्तीलाही.

एम आणि ऑटो आयएसओ लावूनच बसलो होतो आणि पहिल्या वीस फोटोंत वाट लागली. दादा पुढे वाकले की त्यांचं काळं डोकं फ्रेममध्ये मोठं होतं, मीटरला वाटतं अंधार झाला, आयएसओ २५००. मागे सरकले की उजळलेला मूर्तीचा चेहरा मोठा, आयएसओ १०००. मूर्तीवरचा उजेड मात्र काडीभर बदललेला नाही, दिवा जागच्या जागी आहे! सलग फोटो लावून बघितले तर गणपतीचा चेहरा नाटकातल्या लाइटसारखा उजळतोय विझतोय.

ऑटो बंद केलं. १/१००, एफ २.८, आयएसओ १६००, एक फोटो काढून बघितला, गालावरचा गुलाबी जळत नाही ना ते तपासलं, आणि मग तासभर काही म्हणजे काही हलवलं नाही. बावीस फोटो एकसारखे. उजेड ठाम असेल तेव्हा कॅमेऱ्याला दर फ्रेमला नव्याने विचार करायला लावणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. ऑटो माझ्या कामाचा कधी, तर उजेड बदलतो किंवा मी जागा बदलतो तेव्हा. इथे दोन्ही नव्हतं.

एक फोटो जमलाय. डावा डोळा पूर्ण झालेला, उजव्यात बुबुळ अजून यायचंय, ब्रशचं टोक त्यावर टेकायला केसभर अंतर, आणि मागे दादांचा रोखलेला श्वास अक्षरशः दिसतो. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आहेत, तर ऑगस्टचं पान हेच. ठरलं.

२५ ऑगस्ट, रविवार

दोन आठवड्यांवर चतुर्थी, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, गिऱ्हाइकं मूर्ती बघायला येतायत, कुणाला माझ्यासाठी थांबायला वेळ नाही. मेनूत शिरायची सोय नाही म्हणून मोडच्या चकतीवरच्या यू१ आणि यू२ या दोन जागांत माझी सेटिंग भरून ठेवली. यू१ : एम, १/१००, एफ २.८, ऑटो आयएसओ, छत १२८००, आतल्यासाठी. यू२ : ए, किमान शटर १/२५०, छत ६४००, दरवाजा आणि अंगणासाठी. दोन्हीत तळ १००, चिकटपट्टी काढून टाकली.

चारला लाइट गेली. इमर्जन्सी दिव्यावर काम चालूच. यू१ मध्ये आयएसओ १२८०० ला अडकला आणि फोटो काळे यायला लागले, मग अपर्चर १.८ केलं आणि शटर १/५०. दोन स्टॉपच्या वर मिळाले. हिऱ्यांची माळ चिकटवणाऱ्या मुलीचा एक फोटो आलाय, तिच्या चेहऱ्यावर फक्त त्या हिऱ्यांचा उजेड. दाणा भरपूर आहे.

१ सप्टेंबर, रविवार

पनवेलला स्टुडिओत बारा बाय अठराचे नमुना प्रिंट काढून घेतले. फाईल ६००० बाय ४००० पिक्सेलची, अठरा इंचाला इंचामागे ३३३ पिक्सेल येतात, म्हणजे स्क्रीनवर नाक लावून जो दाणा बघून मी तीन महिने हळहळत होतो तो कागदावर इतका बारीक होतो की १२८०० चा तो हिऱ्यांचा फोटो बघून स्टुडिओवाल्याने "फिल्मचा आहे का" विचारलं.

प्रिंट घेऊन थेट हमरापूर. काकांनी चष्मा लावून एकेक बघितला. दाण्याबद्दल एक शब्द नाही. २ जूनचा धुरासारख्या हातांचा फोटो मी नुसता गंमत म्हणून गठ्ठ्यात टाकला होता, त्यावर म्हणाले "ही बाई एवढी भरभर घासते खरी", आणि बाजूला सारला, घेतला नाही. मग ऑगस्टचा आला. बराच वेळ हातात धरला. मी मनातल्या मनात फुगलो.

"हा नको."

का? सगळ्यात धारदार, सगळ्यात नीट, रंग बरोबर, आयएसओ १६००!

"अरे, अर्धी आखणी झालेला देव महिनाभर लोकांच्या भिंतीवर टांगणार का? एक डोळा नाही त्याला."

आखणीवाले दादा शेजारीच होते. त्यांनी प्रिंट घेतला, जरा लांब धरून बघितला आणि म्हणाले, मला दे तो, घरी लावत नाही, पेटीत ठेवतो.

३ सप्टेंबर, मंगळवार

सुट्टी टाकून गेलो. आखणीच्या शेवटच्या सात मूर्ती उरल्यात, बाकी सगळ्या गेल्या. शेड इतकी रिकामी की आवाज घुमतो, आणि फळ्या मोकळ्या झाल्यामुळे मागचा पांढरा रंगच नाही, मीटर पहिल्यांदा निमूट वागतोय. दादांनी दिवा लावला. ऑटो बंद, १/१००, एफ २.८. दिवा आज थोडा जवळ होता म्हणून १६०० चा १२५० केला.

ठिपका पडल्यावरचा फोटो काढला, दोन्ही डोळे पूर्ण, ब्रश नुकताच मागे घेतलेला. काकांना कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरच दाखवला, त्यांनी हात जोडले, स्क्रीनला. ऑगस्ट झाला. छपाईला फाईल शनिवारच्या आत नाही जाणार, शनिवारी चतुर्थी आहे, सोमवारी देतो.